मधल्या भोकाचा फोटो

दिनू,

चौकात तुला कोट घातलाय. निळा, चकचकीत, वर लाल टाय. फ्लेक्सवाल्यानं तुझ्या अमोलच्या लग्नातल्या घोळक्यातून तुझी मान कापून घेतली आणि कुण्या परक्याच्या कोटावर बसवली. मूळ फोटोत तू वाढप्याकडं वळून काहीतरी मागत होतास. त्यामुळं आता कोट समोर बघतोय आणि तू डावीकडं, बहुतेक भाजीच्या बादलीकडं. नावाखाली 'प्रसिद्ध गलाई उद्योजक, दानशूर व्यक्तिमत्त्व' असं लिहिलंय. कडेनं श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो आहेत, त्यातले दोघे गॉगल लावून शोक करताहेत.

एवढं मात्र कबूल करते की फोटो धारदार आहे. रस्त्याच्या पलीकडून केस न केस दिसतो. केस तुझे नाहीत, टक्कल भरून काढलंय. पण धार आहे. तुला आयुष्याच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत फोटोत जी हवी होती ती धार तू गेल्यावर विट्याच्या चौकात मिळाली, आणि ती बघून तू काय म्हणाला असतास याचा विचार करत मी एसटीच्या थांब्यावर बराच वेळ उभी होते. दोन गाड्या सोडल्या.

तू मदुराईहून कायमचा परत आलास तो खोकला घेऊन. सोनारांकडची मोड आणि झाडलोटीतली सोन्याची धूळ घ्यायची, वितळवायची, तेजाबात घालून चोख सोनं काढून द्यायचं, हे काम आपल्याकडच्या निम्म्या पुरुषांनी देशभर केलं. त्या तेजाबाचा धूर तूही छातीत भरून आणलास. डॉक्टरनं काम बंद सांगितलं. मी साताऱ्यात शाळेतून निवृत्त होऊन मोकळी झाले होते. दर महिन्याला तुझ्याकडं येत होते, आणि अशाच एका दुपारी तू मला त्या शटरची गोष्ट सांगितलीस.

दुकानाच्या शटरचा एक रिबिट पडून तिथं भोक राहिलं होतं. दुपारी जेवून तू शटर ओढून आडवा व्हायचास, आणि समोरच्या भिंतीवर बाहेरचा रस्ता यायचा. उलटा. रिक्षा छताला चाकं लावून चालायच्या, माणसं डोक्यावर. इतकी वर्षं तू रोज ते बघत होतास आणि कुणाला बोलला नव्हतास. का, असं मी विचारल्यावर तू म्हणालास, "मला वाटायचं, सगळ्यांच्याच दुकानात दिसत आसंल."

मी आयुष्यभर पोरांना कुतूहल या विषयावर निबंध लिहायला लावले. पण एखादं आश्चर्य इतक्या निवांतपणे अंगावर घेऊन झोपणारा माणूस मला त्यांच्या एकाही वहीत भेटला नव्हता. मी तुला सांगितलं की याचा कॅमेरा होतो. लेन्स नको, काच नको. डब्याला एक भोक, आत फोटोचा कागद, बस. हे मी फक्त वाचलेलं होतं. तू दुसऱ्या दिवशी डबा रिकामा केलास. त्यातला रवा तुझ्या शालननं पातेल्यात काढला आणि पुढं वर्षभर त्या डब्यावरून तुला बोलून घेतलं.

साताऱ्यातला एक जुना स्टुडिओवाला दुकान बंद करत होता. त्याच्याकडून मी मुदत उलटलेले कागदाचे खोके आणि धुण्याची पावडर आणली. न्हाणीघराच्या खिडकीला गोधडी, आत लाल बल्ब. डब्याला आतून काळा रंग दिलास. पुढं रुपयाएवढं तोंड कापून त्याच्यामागं पितळेचा पातळ पत्रा चिकटवलास, आणि भोक त्या पत्र्यात. सुई टेकवायची, दाबायची, मागं आलेला उंचवटा पॉलिशपेपरनं घासायचा, परत सुई. एक शब्द न बोलता. बाकी कशातच तू एवढा गप्प नसायचास.

आणि मग आपलं भांडण सुरू झालं.

तुझं म्हणणं साधं होतं. भोक जितकं बारीक, तितकं चित्र धारदार. सुरुवातीला ते खरंही होतं. गोधडीच्या सुईनं पाडलेल्या भोकातून समोरची भिंत म्हणजे नुसता लगदा आला, कारण भिंतीवरच्या प्रत्येक ठिपक्याचा कागदावर भोकाएवढा डाग पडतो आणि डागावर डाग चढतात. बारीक सुई घेतलीस, डाग लहान झाले, भिंतीवरची सिमेंटची जाहिरात वाचता आली. तू त्या अक्षरांवरून बोट फिरवलंस आणि लगेच त्याहून बारीक भोकाच्या मागं लागलास, नुसतं सुईचं टोक टेकवून. मी म्हटलं, थांब, याला एक हद्द आहे. भोक फार बारीक केलं की उजेड त्यातून सरळ जात नाही, कडेला पसरतो, आणि चित्र परत धुरकट होतं. डब्याच्या खोलीला एक ठरावीक भोक सगळ्यात चांगलं असतं आणि ते तुझ्याकडं झालेलं आहे.

"कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे."

"मग पुस्तकातला उजेड येगळा आसंल."

मी तुला परड्यात नेलं. पाण्याच्या पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून दाखवला की धार बारीक करायला गेलं तर पाणी कसं फाकतं. तू भिजलेली विजार झटकत म्हणालास, "आक्का, पाणी म्हंजे उजेड हाय व्हय? मी म्हणतो चाळण. चाळण बारीक, तर माल चोख." आता मागं वळून बघताना मान्य करते की माझा पाइप आणि तुझी चाळण एकाच लायकीचे पुरावे होते. दोघंही आपापल्या घरातली वस्तू उजेडाच्या गळ्यात बांधत होतो.

म्हणून परीक्षा ठरली. तीन पत्रे. रुंद भोकाच्या पत्र्यावर तू खिळ्यानं एक ओरखडा काढलास, मधल्यावर दोन, बारीक भोकावर तीन. डबा तोच, भिंत तीच. मधल्यात अक्षरं आली. बारकं भोक मात्र नुसता करडा कागद देऊन मोकळं झालं. मी जिंकल्याच्या तयारीत होते, तर तू म्हणालास, उजेड कमी पडला, यात भोकाचा काय दोष? आणि तो आक्षेप बिनतोड होता. भोकाची रुंदी निम्मी केली की उजेड चौथाई होतो, म्हणून कागद चौपट वेळ उघडा ठेवायला हवा. हे मीच तुला शिकवलं होतं. मग चौपट वेळ ठेवला. चित्र आलं, पण धुरकट. तू म्हणालास, ट्रक गेला, डबा हालला. पुढच्या वेळी डब्यावर शालनचा वरवंटा ठेवला. परत धुरकट. आता कागद जुना होता. त्यानंतर ऊन ढळलं होतं. दिनू, तुझ्याकडं कारणं नेहमी भोकापेक्षा मोठी असायची.

त्या मेळाव्याचा फोटो आठवतो? गलाईवाल्यांच्या मेळाव्यात तुला शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं आणि तू डबा काखेत मारून गेलास. मांडवातल्या एका खांबाला बांधून ठेवलास आणि भाषणं संपेपर्यंत तोंड उघडं ठेवलंस. संध्याकाळी न्हाणीघरात कागद पाण्यातून वर आला तेव्हा आपण दोघं एकमेकांना धरून हसलो. व्यासपीठ होतं, मागचा बॅनर होता, खुर्च्या ओळीनं होत्या. माणूस एकही नाही. सत्कार करणारे, सत्कार घेणारे, माईक ओढणारे, सगळे इतके हालत होते की कागदानं कुणाची दखलच घेतली नाही. एका टोकाला फक्त एक पाहुणे आले होते, पोटावर हात ठेवून, स्पष्ट. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत झोपले होते. शालननं फोटो उजेडात धरून बघितला आणि म्हणाली, "बरं झालं. जागं व्हते त्ये समदे गेले."

तेव्हापासून आपल्याला नियम कळला. डब्यापुढं जो टिकतो तो उरतो. थोडा वेळ टिकला तर थोडा उरतो.

त्यानंतर तू माझा कायमचा निकाल लावायचं ठरवलंस. बारीक भोकानं माणसाचा फोटो, आणि माणूस तू स्वतः. ओट्याच्या पायरीवर सावलीत बसणार. तू म्हणालास, अर्धा तास लागंल, पण बसतो. मला तुझ्या खोकल्याची धास्ती होती, तसं मी बोललेही. डबा तूच भरून आणलास, स्टुलावर ठेवलास, वर वरवंटा. मी भोकावरची चिकटपट्टी उचलली.

तुला बोलायची बंदी होती, तोंड हाललं असतं. सबंध आयुष्यात ही संधी मला एकदाच मिळाली. मी उजेडाच्या पसरण्याबद्दल, तुझ्या चाळणीबद्दल आणि लहानपणी तू माझ्या पाटीवर थुंकून पुसायचास त्याबद्दल अखंड बोलले, आणि तू नुसता बघत होतास. तेवढ्यात शालन सुपात शेंगा घेऊन बाहेर आली. आपलं काय चाललंय ते तिला माहीत होतं, पण तिनं कधी त्याची पर्वा केली नाही. ती तुझ्या शेजारी पायरीवर बसली आणि शेंगा फोडायला लागली. मी उठ म्हणणार होते. तू डोळ्यांनी नको म्हणालास.

ती थोडा वेळ बसली असेल, आणि तू हात वर केलास. म्हणजे झाक. अर्धा तास व्हायला पुष्कळ अवकाश होता. मी पट्टी लावली आणि तुला लगेच खोकल्याची उबळ आली. मी समजले की खोकल्यामुळंच थांबवलं. फोटो फिक्का येणार हेही समजले.

फोटो फिक्का आला नाही. चांगला भरलेला आला. पायरीची कड, खांब, तुझ्या चपलांचे पट्टे, सगळं नीट. तोंड जरा हललेलं. आणि तुझ्या खांद्याला लागून शालन, अर्धी. तिच्यातून दाराची कडी दिसते. तिचं सूपही फिक्कं, पण त्याची कड नीट आहे, कारण ते मांडीवर हालत नव्हतं.

तू तो ओला कागद माझ्यापुढं नाचवलास. "बघ. बारीक भोक. आता बोल की."

मी विचारलं, इतक्या थोड्या वेळात एवढा उजेड आला कुठून? तू म्हणालास, आज ऊनच लय होतं. साताऱ्याला गेल्यावर पुस्तक परत काढलं, ते पान परत वाचलं, आणि खरं सांगते, पुस्तकावर संशय घेतला.

मग मिरजेचा दवाखाना. तिथं आपण भोकाबद्दल बोललो नाही. नळी नाकात असलेल्या माणसाशी भांडायचं नसतं असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. आता वाटतं, भांडायला हवं होतं. तुला तेच आवडलं असतं.

आता तेराव्याच्या आदल्या दिवसाचं सांगते. फ्लेक्सचं झालं, पण घरात लावायला, हार घालायला फोटो हवा. अमोलनं फ्लेक्सवरचाच कोटवाला मोठा करून आणला. शालननं तो बघितला, पालथा घातला, आणि कपाटातून पायरीवरचा काढून दिला. म्हणाली, ह्यो लावा.

तात्या चुलते भिंतीला टेकून बसले होते, ते म्हणाले, "आगं, त्यात तू हाईस. जित्या माणसाच्या फोटूला हार घालत न्हाईत." त्यांचं चुकीचं नव्हतं. आपल्याकडं कुणी घालत नाही. शालनला शेजारी बसवून त्याच चौकटीवर रोज हार चढवायचा, हे मलाही ऐकवेना, आणि मी अशा गोष्टी मानत नाही असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. अमोल समजुतीच्या सुरात म्हणाला, "आये, तुला तेवढी बाजूला काढतो. फ्लेक्सवाला करून देतोय." त्यानं तिथल्या तिथं फ्लेक्सवाल्याला मोबाइलवर फोटो पाठवला. उत्तर आलं की बाई निघत नाही. ती खांद्यावर चढलेली आहे, तिला काढली तर साहेबांचा हात जातो. आणि एकूण फोटोत शार्पनेस नाही, ओरिजिनल असेल तर बघू.

ओरिजिनल म्हणजे डब्यातून निघालेला पहिला उलटा कागद, काळ्याचं पांढरं झालेला, ज्यावरून फोटो छापायचा. तो तू डब्यातच ठेवला होतास. माळ्यावरून डबा काढला. शालन म्हणाली, त्या दिवसानंतर तू त्याला हात लावला नव्हतास. मी कागद काढून अमोलला दिला, आणि सवयीनं बोट आत घालून पत्रा चाचपला.

दोन ओरखडे.

मी डबा दारात नेला. परत बघितलं. दोनच. मधलं भोक. तीन ओरखड्यांचा पत्रा तळाशी, कागदाच्या पुडीत, त्या दिवशी वापरलाच नव्हता.

लबाडा. माझ्या भोकानं फोटो काढून तुझ्या भोकाचा म्हणून माझ्यापुढं नाचवलास, आणि मी पुस्तकावर संशय घेत बसले. मी दारात उभी राहून हसले. तेराव्याच्या तयारीत बसलेल्या बायकांनी माना वळवल्या. पण त्याच वेळी मला त्या हाताचं कोडं सुटलं. तू खोकल्यानं हात वर केला नव्हतास. त्या सावलीत मधल्या भोकाला जेवढा वेळ लागतो तेवढा झाला होता, आणि तू मनात मोजत होतास. आधीपासून ठरवून.

का ठरवलंस, ते मात्र मला सांगता येत नाही. एक, मला हरवायचं होतं म्हणून. हे तुझ्यात बसतं. दोन, अर्धा तास आपल्याच्यानं बसवणार नाही हे तुला माहीत होतं आणि बोलायचं नव्हतं म्हणून. हेही तुझ्यात बसतं. पहिलं कारण धरलं तर मला तुझा राग येतो, आणि तो बरा वाटतो. मी सध्या पहिलंच धरते.

मग मी आत जाऊन शालनजवळ बसले. हा सगळा उद्योग तिला सांगितला, भोक, वेळ, चौपट. ती गहू निवडत होती. मी म्हटलं, बारीक भोक असतं तर कागद अर्धा तास उघडा राहिला असता. तू बसलीस पाच मिनिटं. तुझा त्यात धूरसुद्धा दिसला नसता. दिनूनं लबाडी केली म्हणून तू आलीस.

शालनचा हात थांबला.

"मी पयल्यापासनं बसले आसते, वन्सं, तर पुरती आले आसते?"

"हो."

"मला वाटलं, तुमचं काम खोळंबंल. म्हणून आतच थांबले व्हते."

तिनं फोटो मागून घेतला आणि बराच वेळ बघितला. त्यात तू दगडासारखा भक्कम बसला आहेस, आणि जी आज गहू निवडते आहे तिच्यातून दाराची कडी दिसते. तात्यांनी परत हाराचा विषय काढला, या वेळी जरा हळू. शालन त्यांच्याकडं न बघता म्हणाली,

"आवं, मग घालू नका. हार कवातरी घालायचाच हाय. तवा दोघास्नी मिळून एकच घाला. तवर असाच ऱ्हाऊ द्या."

अमोल उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात हातोडी होती.

तर तू आता सोप्यात आहेस, देव्हाऱ्याच्या बाजूला नाही, शेंगा फोडायची जागा आहे तिच्या वर. हार नाही. तेराव्याला आलेल्या पाहुण्यांनी हाराचं विचारलं, फोटो धुरकट का असंही विचारलं. शालननं चहा दिला. चौकातल्या फ्लेक्सवर आता कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स आलाय. कोट अजून कडेनं थोडा दिसतो.

डबा आणि तीन ओरखड्यांचा पत्रा मी साताऱ्याला आणलाय. शालनची परवानगी घेतली, वरवंटा मात्र तिनं दिला नाही. तुझं भोक नीट असं कधी तपासलंच गेलं नाही, दिनू. ट्रक, कागद, ऊन, काहीतरी आड आलं आणि शेवटी तर तूच आड आलास. इथं माझ्या गच्चीवरून अजिंक्यतारा समोर दिसतो. तो हालत नाही, खोकत नाही, कारणं सांगत नाही. उद्या चांगलं ऊन पडलं की डबा कठड्यावर ठेवते आणि तू म्हणाला होतास तेवढा वेळ उघडा ठेवते.

धारदार आला, तर तुझं खरं. विट्याला येऊन पायरीवर उभं राहून कबूल करीन, शालनच्या देखत. धुरकट आला, तर कुणाला सांगू?